परदेशातून बल्ब मागवताय? भाव सगळ्यात शेवटी विचारा

‘९ वॉटचा एलईडी बल्ब, भाव कळवा’ एवढीच ओळ पाच-पंचवीस कारखान्यांना पाठवून बघा. उत्तरं भराभर येतील, आणि सगळ्यात स्वस्त व सगळ्यात महाग भाव एकाच वस्तूचे वाटणार नाहीत. ते नसतातच. त्या एका ओळीत किमान चार वेगवेगळे बल्ब बसतात आणि प्रत्येक कारखानदार आपल्या सोयीचा बल्ब गृहीत धरून भाव देतो. म्हणून ही यादी चौकशीचं पहिलं पत्र पाठवण्याआधीची आहे. पुढच्या बऱ्याच गोष्टी तिथेच ठरतात.

सुरुवात बाजारापासून. काय विकलं जाणार आहे, हे आधी आकड्यांवरून तपासा. संयुक्त राष्ट्रांचा कॉमट्रेड हा विदासंच आणि इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचा ट्रेड मॅप, दोन्हीकडे कोणत्या देशाने कोणाकडून किती माल घेतला ते एचएस कोडनुसार (म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या क्रमांकानुसार) बघता येतं. बल्बचा मुख्य कोड ८५३९. इथे एक खाचखळगा आहे. एलईडी बल्बला स्वतःचा उपकोड, ८५३९.५०, मिळाला तो २०१७ मध्ये. त्याआधी हा माल बऱ्याच देशांत ८५४३ किंवा ९४०५ खाली नोंदला जाई. २०२२ मध्ये तोही उपकोड मोडला: ८५३९.५१ खाली एलईडी मॉड्यूल आणि ८५३९.५२ खाली एलईडी बल्ब. दहा-पंधरा वर्षांचा आलेख काढून ‘२०१७ ला मागणी उसळली’ असा निष्कर्ष काढणारे लोक प्रत्यक्षात फक्त कोड बदललेला बघत असतात. शिवाय निर्यातदार देशाचा आकडा आणि आयातदार देशाचा आकडा जुळत नाही. एकाने जहाजावर चढवलेल्या मालाची किंमत धरलेली असते, दुसऱ्याने भाडं-विमा धरून. मध्ये हाँगकाँगसारख्या बंदरातून माल फिरला असेल तर गोंधळ आणखी वाढतो. एकूण रकमेपेक्षा रकमेला नगांनी भागून येणारी सरासरी किंमत बघा. नग वाढताहेत आणि रक्कम तेवढीच, असं दिसलं तर तिथे भावाची मारामारी चालू आहे असं समजायला हरकत नाही. तिथे साधा बल्ब घेऊन नव्याने उतरण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

कायद्यांचा कल तर आकड्यांपेक्षा स्पष्ट आहे. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता करारानुसार ३० वॉटपर्यंतच्या घरगुती सीएफएलचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२५ अखेर संपवायचं ठरलं, आणि सरळ फ्लुरोसंट नळ्यांचं २०२७ पर्यंत. अमेरिकेत वॉटमागे ४५ ल्युमेनपेक्षा (ल्युमेन हे प्रकाश मोजायचं एकक) कमी प्रकाश देणारे सर्वसाधारण बल्ब विकायला २०२३ च्या ऑगस्टपासून पूर्ण मनाई झाली. युरोपीय संघात सप्टेंबर २०२१ पासून दिव्यांना ए ते जी अशी नवी ऊर्जाश्रेणी लागते आणि ती भलतीच कडक आहे. ए मिळवायला वॉटमागे २१० ल्युमेन लागतात, त्यामुळे चांगला साधा एलईडी बल्बही तिथे ई किंवा एफ वर थांबतो. तेव्हा खोक्यावर एफ बघून पुरवठादारावर भडकू नका. उलट स्वस्त बल्बवर कोणी ‘ए’ छापून देत असेल तर सावध व्हा. थोडक्यात, कुठे सीएफएलचा किंवा हॅलोजनचा जुना साठा मातीमोल भावात मिळत असेल तर तो मिळण्याचं कारण हेच आहे.

दुसरा कल थोडा विचित्र आहे: बल्ब जास्त टिकू लागला, म्हणून बदलीचा बल्ब कमी खपतो. त्यातच बल्ब काढताच येत नाही असे अखंड दिवे वाढलेत. मोठ्या नावांनीही हे ओळखलं. ओस्रामचा बल्बचा व्यवसाय लेडव्हान्स या नावाने वेगळा होऊन २०१७ मध्ये चिनी खरेदीदारांकडे गेला, फिलिप्स लाइटिंगने २०१८ मध्ये सिग्निफाय हे नाव घेतलं, आणि जीईचा घरगुती दिव्यांचा व्यवसाय २०२० मध्ये सॅव्हंटने घेतला.

आता मागणीपत्रक. त्यात आधी व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी: उत्तर अमेरिकेत १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, जपानमध्ये १०० व्होल्ट, जगाच्या बऱ्याच भागात २२० ते २४० व्होल्ट ५० हर्ट्झ. मग होल्डर: आट्यांचा ई२७, अमेरिकेतला त्याच्या जवळचा ई२६, बारीक ई१४, की दोन पिनांचा बी२२. त्यानंतर वॉट नव्हे, ल्युमेन लिहा. जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बची जागा घ्यायला ८०० च्या आसपास ल्युमेन लागतात. ते ७ वॉटमध्ये येतात की १० वॉटमध्ये, ही कारखान्याची परीक्षा. प्रकाशाचा रंग केल्व्हिनमध्ये लिहा (२७०० उबदार, ६५०० निळसर पांढरा), आणि एका खोक्यातले दोन बल्ब शेजारी लावल्यावर वेगळे दिसू नयेत म्हणून रंगातल्या फरकाची मर्यादा मॅकअॅडम पायऱ्यांत (डोळ्याला जाणवणाऱ्या रंगफरकाच्या मापात) लिहा. रंग खरे दिसण्याचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ८० च्या खाली नको. पॉवर फॅक्टरही (ओढलेल्या विजेपैकी किती कामी येते त्याचं प्रमाण) लिहा; नाही लिहिला तर ०.५ चा माल येतो.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो ड्रायव्हरवर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणाऱ्या सर्किटवर. बाहेरून बल्ब सारखेच दिसतात. पैसे वाचवले जातात ते आतल्या त्या छोट्या सर्किटमध्ये. एक प्रकार म्हणजे चिप आणि ड्रायव्हर एकाच अॅल्युमिनियम पाटीवर बसवलेला, ज्याला धंद्यात डीओबी म्हणतात. स्वस्त, हलका, जोडायला सोपा. त्यात बहुधा लिनिअर पद्धतीचा ड्रायव्हर असतो, म्हणजे व्होल्टेज वाढलं की जादाची वीज थेट उष्णता होऊन बाहेर पडते. स्थिर पुरवठ्याच्या बाजारात तो चालून जातो. जिथे रात्री व्होल्टेज चढतं तिथे मार खातो. शिवाय कॅपॅसिटर वाचवला असेल तर ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर प्रकाश सेकंदाला १०० वेळा फडफडतो. डोळ्याला कळत नाही, पण मोबाइलचा कॅमेरा समोर धरला की पट्टे दिसतात. दुसरा प्रकार स्विचिंग पद्धतीच्या वेगळ्या ड्रायव्हरचा. तो महाग असतो, पण १०० ते २४० व्होल्टपर्यंत सांभाळून घेणाराही मिळतो. कुठला हवा ते लिहा, नाहीतर पहिलाच येणार.

आयुष्याच्या आकड्याचंही तसंच. २५,००० तास म्हणजे बल्ब अखंड चालू ठेवला तर जवळपास तीन वर्षं. एवढं थांबून कोणी बल्ब बाजारात आणत नाही. जो अहवाल दाखवला जातो तो सहसा एलएम-८० या चाचणीपद्धतीचा: त्यात चिप किमान ६,००० तास तपासलेली असते आणि टीएम-२१ या पद्धतीने पुढचा अंदाज, जास्तीत जास्त सहापट, काढलेला असतो. लक्षात घ्या, तपासली गेली ती चिप. बल्ब मरतो तो बहुतेकदा ड्रायव्हरमधल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरमुळे, आणि त्याचं आयुष्य दर १० अंश तापमानवाढीला साधारण निम्मं होतं. म्हणून कॅपॅसिटर १०५ अंशांचा आहे का, किती तासांचा आहे, आणि बल्ब बंद दिव्यात उलटा लावल्यावर तो किती तापतो, हे तीन प्रश्न २५,००० च्या आकड्यापेक्षा मोलाचे. (आयुष्याच्या आकड्याशी खेळ या धंद्यात जुना आहे. १९२४ मध्ये बड्या कारखानदारांनी फीबस नावाचा संघ करून पिवळ्या बल्बचं आयुष्य १,००० तासांवर बांधून टाकलं होतं.)

आत बॅटरी असलेला, वीज गेल्यावर चालू राहणारा बल्ब घेत असाल तर यादी लांबते. लिथियम बॅटरी आली की माल धोकादायक वर्गात, यूएन ३४८१ या क्रमांकाखाली जातो, आणि यूएन ३८.३ या बॅटरीच्या वाहतूक-सुरक्षा चाचणीचा सारांश हातात नसेल तर वाहतूकदार माल अडवतो. हे कारखान्याला आधी विचारा, बंदरात नव्हे.

कारखाने शोधणं हे त्या मानाने सोपं काम. चीनमध्ये ग्वांगडोंग प्रांतातलं झोंगशान शहराजवळचं गुझेन हे दिव्यांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं, पण तिथला भर शोभेच्या दिव्यांवर जास्त. साध्या बल्बसाठी झेजियांग प्रांत आणि शियामेनही बघा. ग्वांगझूचा कँटन फेअर वसंतात आणि शरदात भरतो, हाँगकाँगचं दिव्यांचं प्रदर्शन शरदात, फ्रँकफर्टचं लाइट अँड बिल्डिंग दोन वर्षांतून एकदा. गाळ्यावरचा माणूस कारखानदार आहे की मधला व्यापारी, हे विचारून कळत नाही. व्यवसाय परवान्यावरचा पत्ता आणि चाचणी अहवालातला कारखान्याचा पत्ता जुळतो का, यावरून कळतं. व्यापारी असणं वाईट नाही. पाच प्रकारचे बल्ब थोडे थोडे हवे असतील तर व्यापारीच परवडतो. फक्त ते लपवलेलं नसावं.

कागद तपासताना शिक्का बघून समाधान मानू नका. सुरक्षिततेसाठी आयईसी ६२५६०, कामगिरीसाठी आयईसी ६२६१२, असे अहवाल पूर्ण मागवा, पहिलं पान नव्हे. सीबी योजनेच्या (अनेक देशांत मान्य होणाऱ्या सुरक्षा-चाचणीच्या व्यवस्थेच्या) अहवालात महत्त्वाच्या सुट्या भागांचा तक्ता आणि बल्ब उघडून काढलेले फोटो असतात. आलेला नमुना फोडा आणि त्या फोटोंशी ताडून बघा. ड्रायव्हरची पाटी वेगळी दिसली तर तो अहवाल दुसऱ्याच बल्बचा आहे. अहवालाचा क्रमांक प्रयोगशाळेकडून थेट पडताळून घ्या. आणि स्वतःचं नाव छापून युरोपीय संघात विकणार असाल तर तिथल्या कायद्याच्या नजरेत उत्पादक तुम्हीच. ईपीआरईएल या ऊर्जाश्रेणीच्या विदासंचातल्या नोंदणीपासून तांत्रिक फाइलपर्यंत सगळं तुमच्या गळ्यात येतं.

नमुना मंजूर केला की त्याचे निदान तीन संच करा: एक तुमच्याकडे, एक कारखान्याकडे, एक तपासणी करणाऱ्याकडे, तिघांवर सही. मगच भाव.

भाव विचारताना एकाच अटीवर विचारा. एकाचा एफओबी (म्हणजे जहाजावर चढवून देण्याचा), दुसऱ्याचा कारखान्याच्या दारातला आणि तिसऱ्याचा घरपोच, यांची तुलना होत नाही. किमान नगांची अट बऱ्याचदा बल्बमुळे नसून छापील खोक्यामुळे असते. सुरुवातीला पांढऱ्या खोक्यावर लेबल चिकटवून घेतलं तर ती खाली येते. आगाऊ ३० टक्के आणि उरलेले माल निघण्याआधी, ही रीत सर्वत्र दिसते. उरलेली रक्कम तपासणी पास झाल्यावरच, एवढं वाक्य करारात घाला. बँक खातं कंपनीच्याच नावाचं हवं. ऐनवेळी ‘खातं बदललंय’ असा ईमेल आला तर पैसे पाठवण्याआधी आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करा.

तपासणी आयएसओ २८५९-१ या नमुना-तपासणीच्या मानकातल्या तक्त्यानुसार: चालवून घ्यायच्या दोषांची पातळी टक्क्यांत गंभीर शून्य, मोठे २.५, किरकोळ ४.०, हे प्रचलित आकडे. पण तपासनीसाला नुसतं खोकी मोजायला पाठवू नका. वॉट आणि ल्युमेन मोजणं, उच्च दाबाची विद्युत चाचणी, होल्डरमध्ये बसणाऱ्या धातूच्या टोपीची पकड पिळून बघणं आणि खोकं उंचावरून टाकून बघणं, हे लिहून द्या. विजेपासून वेगळ्या न केलेल्या ड्रायव्हरमध्ये हात आणि वीज यांच्यामध्ये फक्त प्लास्टिकचं आवरण असतं, त्यामुळे उच्च दाबाच्या चाचणीत एकही नापास चालत नाही.

जहाजात बल्ब वजनाने नाही, जागेने भरतो. एका नगाचं खोकं ६ बाय ६ बाय १२ सेंटीमीटरचं धरलं तर २० फुटी कंटेनरच्या वापरता येणाऱ्या २८ घनमीटरमध्ये मोठ्या खोक्यांची जाडी वजा जाता पन्नास-साठ हजार नग बसतात. तेच खोकं एक सेंटीमीटरने बुटकं केलं तर तेवढ्याच भाड्यात नऊ टक्के जास्त. खोक्याच्या चित्रावर जेवढी चर्चा होते त्याच्या निम्मी तरी मापावर व्हावी. वेळेचा हिशेब सैल ठेवा. चिनी नववर्षात कारखाने काही आठवडे बंद, आणि त्याआधीच्या घाईतला माल सगळ्यात कच्चा असतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे कित्येक जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून गेली, तेव्हा आशिया-युरोप फेरीला दहा दिवसांच्या आसपास जास्त लागू लागले.

खराब निघालेले बल्ब परत पाठवणं कोणालाच परवडत नाही. त्याऐवजी ठरावीक टक्के जादा नग आधीच फुकट घ्यावेत आणि त्याहून जास्त खराब निघाले तर पुढच्या बिलातून वजावट, असं लेखी ठरवा.

पहिला माल चांगला आला की सगळे निर्धास्त होतात आणि दुसऱ्या ऑर्डरची तपासणी वगळतात. कारखान्यालाही ते माहीत असतं. भाव तोच ठेवून कॅपॅसिटर एक दर्जा खाली, अॅल्युमिनियम थोडं पातळ, चिपा दोन कमी, हे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला होतं. त्यासाठी प्रत्येक खेपेतला एक बल्ब फोडायचा आणि सही केलेल्या नमुन्याशेजारी वजनकाट्यावर ठेवायचा. दोन-चार ग्रॅमचा फरक आला की शिल्लक रक्कम देण्याआधी कारखान्याला कारण विचारायचं.