हार्मोन बिघडवणाऱ्या रसायनांवर संशोधन करायचंय? आधी हे वाचा

टॉक्सिकॉलॉजी, म्हणजे विषशास्त्र, म्हटलं की आपल्या नागपुरात लोकांना दोनच गोष्टी आठवतात: पोस्टमॉर्टमचा व्हिसेरा आणि फवारणीची विषबाधा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना शेतकरी-मजूर दगावले, ते विदर्भात कोण विसरेल? पण मी ज्या विषांवर काम करते, त्यांच्यामुळे कोणी रातोरात दवाखान्यात भरती होत नाही. बिस्फेनॉल-ए, थॅलेट, नॉनिलफेनॉल ही प्लास्टिकसारख्या रोजच्या वस्तूंतली मंडळी शरीरातल्या हार्मोनची नक्कल करतात, नाहीतर त्यांच्या कामात अडथळा आणतात. परिणाम कधीकधी थेट पुढच्या पिढीत दिसतो. गर्भपात टळावा म्हणून गरोदर बायांना डीईएस नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन (बायकांच्या शरीरातल्या हार्मोनची नक्कल) देत असत. त्यांच्या मुलींना ऐन तरुणपणी योनीचा दुर्मीळ कर्करोग होतो आहे, हे १९७१ साली उघड झालं. या विषयात येणाऱ्याने पहिल्यांदा ही हकिगत मुळातून वाचावी.

शिरायला दारं बरीच आहेत. झूऑलॉजी किंवा बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. चालतं, एम.फार्म. चालतं. व्हेटर्नरीवाल्यांचा जनावरं हाताळण्यात हात बसलेला असतो, आणि आपल्याकडे पशुवैद्यकीय महाविद्यालय गावातच आहे. पाण्यातली, मातीतली प्रदूषकं मोजायची असतील तर १९५८ पासूनची नीरी, म्हणजे पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था, इथेच आहे. सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा मात्र मनावर घ्या. तीतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. पैसे दर महिन्याला येतीलच या भरवशावर खोलीचं भाडं ठरवू नका. मी जिथे होते तिथे ते रखडायचे आणि मग तीन-चार महिन्यांचे एकदम यायचे.

आता मुख्य मुद्दा. या क्षेत्रात तुमचा निम्मा जीव कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी रसायनाशिवाय ठेवलेला गट, सांभाळण्यात जातो, कारण जे मोजायचं तेच प्रयोगशाळेत सगळीकडे पसरलेलं असतं. बोस्टनमध्ये ॲना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन इस्ट्रोजेन मिळालं की वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करत होते. इस्ट्रोजेन न घालताच पेशी भराभर वाढायला लागल्या. शोध घेता घेता दोष निघाला प्लास्टिकच्या नळ्यांचा: त्यांतून नॉनिलफेनॉल झिरपत होतं. १९९१ साली त्यांनी हे छापलं. म्हणून आमच्याकडे उंदरांच्या पाण्याच्या बाटल्या काचेच्या. खाद्यात सोयाबीन किती आहे ते विचारायचं, कारण सोयाबीनमध्येही इस्ट्रोजेनसारखं काम करणारे घटक असतात. पेशी ज्या द्रवात वाढवतात त्या मीडियातला लाल रंगसुद्धा, म्हणजे फिनॉल रेड, टाळायचा. नवीन मुलांना हा सगळा सोवळ्याओवळ्याचा प्रकार वाटतो. एकदा कंट्रोलच्या उंदरांचे आकडे वर गेले की पटतं.

हाताचं कामही बारीक. रसायन इस्ट्रोजेनसारखं वागतं का हे बघणाऱ्या युटेरोट्रॉफिक चाचणीत वयात न आलेल्या उंदराच्या मादीला तीन दिवस रसायन देतात आणि मग गर्भाशयाचं वजन करतात. ते असतं जेमतेम काही मिलिग्रॅम. भोवतीची चरबी कात्रीच्या टोकाने सोडवायची, पण आतलं पाणी सांडू द्यायचं नाही. आधी ओलं वजन. मग चीर देऊन, फिल्टर पेपरवर हलकेच टिपून पुन्हा वजन. रेंगाळलात की तेवढ्यात ते वाळतं. मे महिन्यात कोणी दया येऊन खोलीत कूलर लावला तर वाऱ्याने तराजूचा आकडा ठरतच नाही. तेव्हा घाम पुसत काम करायची तयारी ठेवा.

मात्रा वाढली की परिणाम वाढतो, हे पुस्तकातलं गणितही इथे दरवेळी चालत नाही. थोड्या मात्रेत दिसलेलं जास्त मात्रेत गायब होऊ शकतं. त्यामुळे भांडणं फार. बिस्फेनॉल-एची रोजची सुरक्षित मर्यादा युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये शरीराच्या वजनाच्या किलोमागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे वीस हजार पटींनी कमी. जर्मनीच्या अशाच सरकारी संस्थेने ते मानलं नाही. दोघांचेही युक्तिवाद समजून घ्यायचे तर स्टॅटिस्टिक्स पक्कं हवं. माझ्या मते आपली मुलं सगळ्यात कच्ची राहतात ती तिथेच.

(नातेवाईक विचारणारच, डबा कोणता घेऊ. स्टीलचा घ्या म्हणावं, आणि गरम भाजी प्लास्टिकमध्ये भरू नका.)

पीएच.डी.नंतर प्राध्यापकीच केली पाहिजे असं नाही. २०११ पासून भारतातल्या जीएलपी (चांगल्या प्रयोगशाळा-पद्धतीचे नियम) पाळणाऱ्या प्रयोगशाळांचे अहवाल ओईसीडी या संघटनेच्या देशांत ग्राह्य धरतात, त्यामुळे औषधं आणि कीटकनाशकं तपासणाऱ्या खाजगी प्रयोगशाळांत माणसं लागतात. त्यासाठी बहुधा नागपूर सोडावं लागतं. पुणे, हैदराबाद, अहमदाबाद.

गाइड ठरवण्याआधी त्यांचे पेपर वाचाच, पण ॲनिमल हाउसही बघून या. एसी बंद पडला तर बॅकअप आहे का, एथिक्स कमिटीची बैठक किती महिन्यांनी होते, रसायनं ओळखून मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर पाळी कधी मिळते, हे तिथल्या सिनियरला चहाला नेऊन विचारा. गाइडसमोर तो खरं सांगणार नाही.