आधी विचारा, धातू जाणार कुठे?

तेल किंवा साखर जिवाणू खाऊन संपवतात, तसा पारा किंवा कॅडमियम संपत नाही. ती मूलद्रव्यं आहेत. जिवाणू त्यांचं रूप तरी बदलतात, नाहीतर जागा. सांडपाण्यासाठी जिवाणू निवडताना मी आधी हेच विचारते: धातू जाणार कुठे?

हे मला चूक करून कळलं. पाऱ्याला दाद न देणारे जिवाणू घातलेल्या फ्लास्कमध्ये पाण्यातला पारा भराभर घटला, मी खूश झाले. पण त्यांचं मेर-ए नावाचं विकर (एन्झाइम) आयनरूपातल्या पाऱ्याचा धातुरूप पारा करतं, आणि तो हवेत उडतो. बाहेर जाणारी हवा मी धरलीच नव्हती. हा मार्ग घेणार असाल तर टाकी बंद ठेवा आणि हवा पारा शोषणाऱ्या कार्बनमधूनच बाहेर सोडा.

क्युप्रियाव्हिडस मेटॅलिड्युरन्स हा जिवाणू १९७६मध्ये बेल्जियममधल्या जस्त कारखान्याच्या टाकीत सापडला. जस्त, कोबाल्ट, कॅडमियम तो पंपाने पेशीबाहेर फेकतो. तो जगतो, पण नुसत्या पंपाने पाण्याचं विष कमी होत नाही. धातू सोसणारा जिवाणू पाणी स्वच्छ करेलच असं धरू नका.

जस्त-कॅडमियमसाठी माझा भरवसा सल्फेट-क्षपणक जिवाणूंवर. ते हवेविना सल्फेटचं सल्फाइड करतात, आणि सल्फाइडशी जुळलेला धातू न विरघळणारा साका होऊन तळाशी बसतो. नेदरलँड्समधल्या बुडेलच्या जस्त कारखान्यात १९९२पासून भूजल याच तत्त्वावर शुद्ध केलं गेलं. प्रयोग फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वायू ओढून घेणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटातच लावा. बाटलीत तळ्याच्या तळचा काळा गाळ, लॅक्टेट (हे जिवाणूंचं खाद्य) आणि सल्फेट घाला. बाटली काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडाही नको. पीएच ७च्या आसपास ठेवा. एक ग्रॅम सल्फेटमागे ०.६७ ग्रॅम सीओडी (खाद्याचं माप: ते पूर्ण ऑक्सिडाइझ व्हायला लागणारा ऑक्सिजन) हे सैद्धांतिक प्रमाण, प्रत्यक्षात थोडं जास्तच द्या. धातू पहिल्या दिवशी घालू नका. गाळ आणखी काळा पडून कुजक्या अंड्यासारखा वास आला की मगच, तोही थोडा थोडा. हा हायड्रोजन सल्फाइड वायू विषारी आहे. वास येईनासा झाला म्हणून निर्धास्त होऊ नका, जास्त मात्रेत नाकच बधिर होतं.

आता रंग बघा. कॅडमियम सल्फाइड पिवळं, जस्ताचं पांढरं, लोखंडाचं काळं. गाळात लोखंड असतंच, त्यामुळे बाकीचे रंग बहुधा झाकले जातात. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका: नमुना गाळून मोजा, न गाळताही मोजा. गाळलेल्यात धातू कमी आणि न गाळलेल्यात भरपूर दिसला, तर साका धरलाय पण बसलेला नाही. अजून थांबा.

बसलेला साका उघड्यावर वाळवू नका. हवा लागली की सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होतं आणि धातू पुन्हा पाण्यात विरघळतो. घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, वर धातूचं नाव आणि तारीख लिहा.