सीएसआरचं प्रपोजल साध्या भाषेत कसं लिहायचं

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठराविक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सीएसआरवर (कंपनीची सामाजिक जबाबदारी, म्हणजे समाजोपयोगी कामांवर) खर्च करावे लागतात, म्हणून महापे, रबाळे, तुर्भे एमआयडीसीतल्या कंपन्यांकडे आपल्या ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या संस्था प्रपोजल घेऊन जातात. काम खरंच चांगलं असतं हो, पण कागदावर ते दिसत नाही. हे वाचा:

'सदर प्रकल्पांतर्गत वंचित घटकांतील महिलांच्या आर्थिक सक्षमीकरणाच्या दृष्टीने कौशल्यविकास उपक्रम राबविण्यात येतील.'

कोण राबवणार, किती बायका, कुठल्या, काहीच कळत नाही. आता हे बघा:

'तुर्भे स्टोअर वस्तीतल्या ४० बायकांना आम्ही ६ महिने शिवणकाम शिकवू. क्लास दुपारी २ ते ४, कारण सकाळी त्या घरकामाला जातात.'

त्या 'कारण'मुळे वाचणाऱ्याला लगेच कळतं की ही माणसं वस्तीत जाऊन बोलून आलीयेत, आणि मला वाटतं पैसे मिळतात ते अशाच वाक्यांवर.

म्हणून 'करण्यात येईल' दिसलं की तिथे कर्ता टाका, आम्ही, आमची शिक्षिका, जो कोण असेल तो. मग पूर्ण ड्राफ्ट क्लासमधल्या ताईंना मोठ्याने वाचून दाखवा, त्या जिथे 'म्हणजे काय?' विचारतील तिथे तुम्ही तोंडी जे उत्तर द्याल ना, तेच लिहून काढा, जुनं वाक्य खोडा. कंपनीला इंग्रजी हवं असेल तरी आधी असं मराठीत लिहा, मग इंग्रजी करा, खूप सोपं जातं.

बजेटमध्ये 'इतर खर्च ५०,०००' नको. मशीन किती, एकाची किंमत काय, शिक्षिकेचं महिन्याचं मानधन किती, सगळं वेगळं लिहा.

एक मात्र सांभाळा, साधं करायच्या नादात कायद्याचे शब्द बदलू नका. संस्थेचं नाव नोंदणीपत्रावर आहे तसंच, १२ए आणि ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) आणि सीएसआर-१ (सीएसआरचे पैसे घेण्यासाठी संस्थेची सरकारी नोंदणी) यांचे नंबर जसेच्या तसे, आणि काम कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मधल्या (सीएसआरमध्ये चालणाऱ्या कामांची यादी) कुठल्या विषयात बसतं तेही लिहा.

हे सगळं झालं की कोणासाठी, काय, कुठे, किती दिवस आणि किती पैसे एवढं चार-पाच ओळींत पहिल्या पानावर टाका, सीएसआरवाल्या मॅडमना त्या ओळी तशाच कॉपी करून वरच्या साहेबांना पाठवता आल्या पाहिजेत.