पुराच्या जंगलात झाडाचं वय कसं काढायचं

ब्राझीलमध्ये मनौसजवळ अ‍ॅमेझॉनचं पाणी वर्षभरात साधारण 10 मीटर वरखाली होतं, जूनच्या सुमारास फुल्ल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तळाला, त्यामुळे तिथलं वार्झिया म्हणजे गढूळ पुराचं जंगल नीट बघायचं तर पाणी उतरल्यावरच जायचं.

आधी टेप काढा. खोडावर गेल्या पुराची खूण असते, खाली गाळाने मळलेलं आणि वर साल स्वच्छ, जमिनीपासून तिथपर्यंत मोजा. पाण्याची लेव्हल सगळीकडे एकच होती, म्हणजे खूण जितकी उंच तितकी ती जमीन सखल, आणि नदीच्या कडेला तर बहुतेक नवीनच. हा आकडा आधी लिहा, झाडांची नावं नंतर.

आता नदीकडून आत चालत जा. ताज्या गाळावर गवत, मग विलो, आपल्या वाळुंजाचा भाऊबंद. हा पठ्ठ्या दरवर्षी गाळात थोडा गाडला जातो आणि खोडावरच नवीन मुळं फोडतो, बुंध्याशी उकरून बघा, एकावर एक मुळांचे थर दिसतात, मला तर हे बघायला फार आवडतं. पण त्याला कडक ऊन लागतं, स्वतःच्याच सावलीत त्याची रोपं तगत नाहीत. तोवर गाळ अडून जमीन वर आलेली असते, मग सेक्रोपिया आणि मुंगुबा ही झाडं येतात. त्याच्याही आत, जिथे पूर सरासरी 3 मीटरपेक्षा कमी चढतो, तिथे काटेरी खोडाचा हुरा आणि पांढरी सावर, हो, आपल्याकडे लावतात तीच.

आता वय. जाडीवर अजिबात जाऊ नका!! मुंगुबा भराभर फुगतो, आणि पिरान्हेइरासारखं जड लाकडाचं झाड तेवढंच जाड व्हायला कितीतरी जास्त वर्षं घेतं. घेर 1.30 मीटरवर घ्या, आधारमुळं असतील तर त्यांच्या वर, आणि 3.14 ने भागा, हा झाला व्यास. मग परवानगी असेल तर इन्क्रिमेंट बोअररने, म्हणजे खोडात फिरवायच्या पोकळ गिरमिटाने, लाकडाचा पेन्सिलहून बारीक नमुना काढा, सुकवा, आणि जाड ते बारीक पॉलिश पेपरने घासत रहा, इथे घाई केली की वलयं दिसतच नाहीत.

उष्ण प्रदेशात वर्षाची वलयं पडत नाहीत असं अजून बरेच जण सांगतात. इथे पडतात, कारण पुरात मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, बरीच झाडं पानं गाळतात, वाढ थांबते, पाणी ओसरलं की परत सुरू. झाडांच्या वलयांचे अभ्यासक मार्टिन वोर्बेस यांनी हे 1980 च्या दशकात दाखवून दिलं. वर्षाला एक वलय, म्हणजे जितकी वलयं तितकं वय. गाभ्यापासून सालीपर्यंतचे मिलिमीटर भागिले वलयं, ही वर्षाची सरासरी वाढ, तिच्यावरून त्याच जातीच्या दुसऱ्या झाडाच्या व्यासावरून वयाचा अंदाज येतो, पण एका झाडावर भरवसा नको, त्याच जातीची लहानमोठी बरीच झाडं घ्या.

आणि सालीलगतचं वलय मोजू नका, पाणी उतरलेलं असताना झाड वाढतच असतं, त्यामुळे ते अर्धवटच सापडतं.