घराचा खर्च, सरकारचा खर्च: सत्तर वर्षांची मालिका कशी बांधावी आणि कशी वाचावी

अर्थशास्त्राचा प्रकल्प असो, वर्गात शिकवायचा तक्ता असो की वर्तमानपत्रातला लेख, देशाच्या उपभोग खर्चाचा आलेख काढणाऱ्याची चूक बहुधा आकडेमोडीत नसते. चूक त्याआधीच झालेली असते: कुठला रुपया कुठल्या रकान्यात पडतो हे न पाहता आकडे उचललेले असतात. म्हणून संगणक उघडण्याआधी रकाने नीट समजून घ्या.

कुठला रुपया कुठे

देशाच्या एकूण उत्पन्नाची, म्हणजे जीडीपीची, खर्चाच्या बाजूने फोड केली की दोन उपभोग दिसतात. एक ‘खाजगी अंतिम उपभोग खर्च’ आणि दुसरा ‘शासकीय अंतिम उपभोग खर्च’. यातला ‘अंतिम’ हा शब्द महत्त्वाचा. कोल्हापूरच्या राजारामपुरीत कुणी मिसळ खाल्ली तर ते बिल खाजगी उपभोगात जाते. हॉटेलवाल्याने त्यासाठी घेतलेली मटकी, फरसाण आणि गॅस जात नाही, कारण त्यांची किंमत मिसळीच्या दरात आलेलीच आहे. शाहूपुरीच्या व्यापाऱ्याने गुजरातला पाठवलेला गूळ कोल्हापूरचा उपभोग होत नाही. तो खाल्ला जातो तिथे मोजला जातो, आणि परदेशी गेला तर निर्यातीत मोजला जातो.

आता जिथे लोक अडखळतात ते प्रकार. आजऱ्याच्या शेतकऱ्याने स्वतःचा घनसाळ तांदूळ घरी शिजवला, तर हातातून पैसा गेला नसला तरी शेतावरच्या भावाने तो खाजगी उपभोगात धरतात. स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाचे भाडेही मानून घेतले जाते. ते ‘आरोपित भाडे’. नवा फ्लॅट घेतला तर ती गुंतवणूक. मोटारसायकल घेतली तर सगळी किंमत त्याच वर्षीचा उपभोग, मग ती दहा वर्षे चालो. ट्रॅक्टर मात्र गुंतवणूक. तालीम मंडळे, धर्मादाय दवाखाने अशा ना-नफा संस्थांचा खर्च भारताच्या आकडेवारीत खाजगी रकान्यातच मिळवलेला असतो.

शासकीय रकान्यात सीपीआर या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टर-परिचारिकांचे पगार येतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींचे, पोलिसांचे येतात, महापालिकेच्या रस्त्यावरच्या दिव्यांचे वीजबिल येते. पंचगंगेवर पूल बांधला तर ती गुंतवणूक. कर्जावरचे व्याज यात नाही. ‘लाडकी बहीण’चे महिना १,५०० रुपये किंवा पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० रुपयेही यात नाहीत. ही हस्तांतरणे आहेत, म्हणजे बदल्यात वस्तू किंवा सेवा न घेता दिलेला पैसा. त्या पैशांतून लक्ष्मीपुरीत तेलाचा डबा घेतला की मग तो खर्च खाजगी रकान्यात येतो. अर्थसंकल्पातला ‘महसुली खर्च’ सरळ शासकीय उपभोग म्हणून मांडणारे अनेक तक्ते दिसतात. त्यांत व्याज आणि अनुदानेही मिसळलेली असतात, आणि हस्तांतरणाचा रुपया दोनदा मोजला जातो. ही चूक झाली की पुढचे सगळे काम वाया.

तक्ता उभा करणे

मूळ स्रोत एकच: केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाची राष्ट्रीय लेखा आकडेवारी. हेच आकडे रिझर्व्ह बँकेच्या सांख्यिकी पुस्तिकेत एका जागी आणि वापरायला सोप्या रूपात मिळतात. जागतिक बँकेची मालिका १९६० पासून आहे, पण तिथे भारताचे २०२३ म्हणजे आपले आर्थिक वर्ष २०२३-२४. ती मालिका दुसऱ्या स्रोताशी जोडताना एक वर्ष सरकले तर मंदी एका वर्षात आणि तिचे कारण दुसऱ्या वर्षात दिसते.

तक्त्यात आठ रकाने ठेवा: आर्थिक वर्ष, चालू किमतीचा (त्या-त्या वर्षीच्या भावाने मोजलेला) जीडीपी, चालू किमतीचा खाजगी उपभोग, चालू किमतीचा शासकीय उपभोग, हेच दोन उपभोग स्थिर किमतीत (एका ठरलेल्या वर्षाच्या, म्हणजे आधारवर्षाच्या, भावाने), लोकसंख्या, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात आधारवर्ष, आकडा कितव्या अंदाजाचा आहे आणि तो कधी उतरवला ते लिहा. हा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण सहा महिन्यांनी तोच वाचवतो. एकाच वर्षाचा आकडा जानेवारीत पहिला आगाऊ अंदाज म्हणून येतो, फेब्रुवारीअखेर दुसरा, मेअखेर तात्पुरता, आणि त्यानंतर काही वर्षे सुधारत राहतो. मागच्या वर्षाचा सुधारित आकडा आणि चालू वर्षाचा आगाऊ अंदाज यांची तुलना करून वाढीचा दर काढला, तर त्यात सुधारणेचाही फरक मिसळतो. मंत्रालयाच्या एकाच पत्रकात दोन्ही वर्षांचे आकडे दिलेले असतात, ते तिथूनच घ्या.

ताळा करायला एक वर्ष हाताशी ठेवा. २०११-१२ आधारवर्षाच्या मालिकेत २०११-१२ चा जीडीपी ८७,३६,३२९ कोटी रुपये, खाजगी उपभोग ४९,१०,४४७ कोटी आणि शासकीय उपभोग ९,६८,३७५ कोटी. वाटे अनुक्रमे ५६.२ आणि ११.१ टक्के. तुमच्या तक्त्यात या वर्षी हेच वाटे आले नाहीत, तर रकाना चुकला आहे किंवा मालिका वेगळी आहे.

सांधा जोडणे

भारताची आधारवर्षे बदलत आली आहेत: १९४८-४९, १९६०-६१, १९७०-७१, १९८०-८१, १९९३-९४, १९९९-२०००, २००४-०५, २०११-१२. त्यापुढच्या मालिकेसाठी २०२२-२३ ठरवले गेले. आधारवर्ष बदलते तेव्हा फक्त किमती बदलत नाहीत. स्रोत, व्याख्या आणि मोजायची पद्धतही बदलते. म्हणून चालू किमतीचे आकडेसुद्धा एकाच वर्षासाठी दोन मालिकांत वेगवेगळे निघतात.

उदाहरणाला सोपे आकडे घ्या. जुन्या मालिकेत एका वर्षी खर्च ४४० आणि पुढच्या वर्षी ५००. नव्या मालिकेत तेच पुढचे वर्ष ४७०. जुने ४४० आणि नवे ४७० शेजारी ठेवले तर वाढ ६.८ टक्के दिसते. खरी वाढ ५०० भागिले ४४०, म्हणजे १३.६ टक्के. जोडायची रीत अशी: दोन्ही मालिकांत असलेले वर्ष शोधा. नवा आकडा भागिले जुना आकडा, ४७० ÷ ५०० = ०.९४, हा जोडगुणक. त्याआधीच्या सगळ्या जुन्या आकड्यांना ०.९४ ने गुणा. ४४० चे ४१३.६ होतात आणि ४७० शी तुलना केली की पुन्हा १३.६ टक्केच येतात. जुन्या काळातला वाढीचा दर जसाच्या तसा राहतो, पातळी तेवढी नव्या मालिकेला जुळते.

प्रत्येक रकान्याचा जोडगुणक वेगळा काढावा लागतो. जीडीपीचा गुणक खाजगी उपभोगाला लावू नका. आणि वेगवेगळ्या गुणकांनी जोडलेले भाग एकत्र मिळवले की बेरीज जीडीपीशी जुळणार नाही. तो हिशेबातला दोष नव्हे, जोडणीचा गुणधर्म आहे. तेव्हा बेरीज जुळवण्यासाठी आकडे वाकवू नका. याच कारणाने वाटा काढताना जोडलेल्या पातळ्या वापरू नयेत. त्या-त्या मालिकेतल्या चालू किमतीवर वाटा काढावा आणि मालिका बदलते तिथे आलेखात उभी तुटक रेघ मारावी. मंत्रालयाने स्वतः मागे नेलेली मालिका मिळत असेल तर घरगुती जोडणीपेक्षा तीच चांगली.

महागाई बाजूला काढणे

चालू किमतीचा आकडा स्थिर किमतीच्या आकड्याने भागून १०० ने गुणले की त्या रकान्याचा स्वतःचा किंमत निर्देशांक मिळतो. खाजगी उपभोगाचा वेगळा, शासकीयचा वेगळा. दोन्हींना एकच ग्राहक किंमत निर्देशांक लावणे ही पळवाट आहे, टाळा.

वाढीचा वार्षिक दर असा काढा: (शेवटचा आकडा ÷ पहिला आकडा) चा (१ ÷ वर्षे) घात, वजा १. घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणाचे आकडे घेऊन करून पाहा. ग्रामीण भारतात दरडोई मासिक खर्च २०११-१२ मध्ये १,४३० रुपये होता, २०२२-२३ मध्ये ३,७७३ रुपये झाला. अकरा वर्षांत वर्षाला ९.२ टक्के. पण २०११-१२ च्या किमतीत तो २,००८ रुपयेच भरतो, म्हणजे खरी वाढ वर्षाला ३.१ टक्के. शहरी भागात २,६३० वरून ६,४५९. स्थिर किमतीत ३,५१०, म्हणजे वर्षाला २.७ टक्के. उरलेली सगळी वाढ महागाईची.

देशाच्या मालिकेत दरडोई आकडा काढताना लोकसंख्या वर्षाच्या मध्याची, म्हणजे १ ऑक्टोबरची घ्या. राष्ट्रीय लेख्यांत तीच वापरतात. जनगणनेचे आकडे मार्चचे असतात.

आलेख वाचणे

खाजगी उपभोगाचा जीडीपीतला वाटा १९५० च्या दशकात ८० टक्क्यांच्या वर होता. २०११-१२ पर्यंत तो ५६ च्या आसपास उतरला, मग पुन्हा चढला. २०२४-२५ च्या तात्पुरत्या अंदाजात ६१.४ टक्के. वाटा उतरला म्हणजे लोक कमी खाऊ-लेऊ लागले, असा अर्थ काढू नका. त्या साठ वर्षांत बचत आणि गुंतवणूक उपभोगापेक्षा वेगाने वाढली. वाट्याचा आलेख आणि स्थिर किमतीतल्या दरडोई खर्चाचा आलेख एकाखाली एक छापा. पहिला रचना सांगतो, दुसरा राहणीमान. आम्हाला तर यातला एकच छापणे वाचकाची दिशाभूल वाटते.

हाच फरक ताटातही दिसतो. ग्रामीण खर्चात धान्याचा वाटा २०११-१२ मध्ये १०.६९ टक्के होता, २०२२-२३ मध्ये ४.९१. पण रुपयांत पाहिले तर १५३ वरून १८५, वाढच. महागाई काढली की मात्र तो घटतो. एकाच आकड्याची ही तीन वेगळी उत्तरे आहेत, म्हणून प्रश्न आधी लिहून ठेवा. अन्नाचा एकूण ग्रामीण वाटा १९९९-२००० मध्ये ५९.४ टक्के, २०११-१२ मध्ये ५२.९, २०२२-२३ मध्ये ४६.३८, २०२३-२४ मध्ये किंचित वर, ४७.०४. एका वर्षाच्या चढाला दिशा बदलली म्हणू नये.

शासकीय उपभोगाचा वाटा १९५० च्या दशकात ६ टक्क्यांच्या आसपास होता. तो १९८० च्या दशकात दुहेरी आकड्यात गेला आणि पुढे बहुतेक १० ते १२ च्या पट्ट्यात राहिला. या रेषेतल्या पायऱ्या शोधायच्या तर वेतन आयोगांच्या तारखा शेजारी मांडा. पाचव्या आयोगाचे पगार १९९७-९८ पासून हाती आले. सहाव्याचे २००८-०९ पासून थकबाकीसह आले आणि वाटा दहाच्या आसपासून दोन वर्षांत बाराच्या जवळ गेला. सातव्याची वाढ केंद्रात २०१६ मध्ये, महाराष्ट्रात २०१९ मध्ये लागू झाली, म्हणून पायरी विभागली गेली. स्थिर किमतीतही ही उडी पुरती पुसली जात नाही, कारण पगार ग्राहक महागाईने भागले जातात आणि त्यापुढची पगारवाढ ‘खरी’ वाढ म्हणून दिसते. तेवढ्यावरून शाळा-दवाखान्यांची सेवा वाढली असे लिहू नका.

२०२०-२१ मध्ये स्थिर किमतीतला खाजगी उपभोग घटला आणि पुढच्या वर्षी खालच्या पायावरून जोरात वाढला. या दोन वर्षांवर तीन वर्षांची चल सरासरी लावली तर दोन्ही टोके बुजतात. सरासरी २०१९-२० पर्यंत काढा, पुढची वर्षे सुटी दाखवा.

सर्वेक्षण आणि लेखे मिसळू नका

राष्ट्रीय लेख्यांतला खाजगी उपभोग घरोघरी विचारून काढलेला नसतो. उत्पादन अधिक आयात, त्यातून निर्यात, कच्चा माल, गुंतवणूक आणि सरकारी खरेदी वजा करून जे उरते ते कुटुंबांनी वापरले असे धरतात. सर्वेक्षणात मात्र प्रत्यक्ष कुटुंबाला विचारतात. १९७० च्या दशकात दोन्ही बेरजा बऱ्याच जवळ होत्या. २०११-१२ पर्यंत सर्वेक्षणाची बेरीज लेख्यांच्या निम्म्याच्या आसपास आली. आरोपित भाडे, बँकांची अप्रत्यक्ष (वेगळे शुल्क न घेता व्याजातूनच वसूल होणारी) सेवा आणि ना-नफा संस्था सर्वेक्षणात नसतात, आणि श्रीमंत घरे पुरती सापडत नाहीत. एका आलेखात दोन्हींचे आकडे जोडले तर हीच दरी मंदी म्हणून दिसेल.

सर्वेक्षणांची आपापसात तुलना करतानाही आठवणीचा कालावधी तपासा. १९९९-२००० च्या फेरीत अन्नासाठी सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा खर्च एकत्र विचारला गेला, त्याने उत्तरे बिघडली. पुढे भाजी, फळे, तेल, मांस यांना सात दिवसांचा आणि धान्य-डाळींना तीस दिवसांचा कालावधी ठरला. कपडे, शिक्षण, टिकाऊ वस्तूंसाठी वर्षभराचा खर्च विचारतात. २०१७-१८ च्या फेरीचे निकाल सरकारने प्रसिद्ध केले नाहीत, त्यामुळे २०११-१२ आणि २०२२-२३ मधली दहा वर्षे रिकामीच ठेवा. मधले बिंदू सरळ रेषेने भरले की तिथे नसलेली माहिती तयार होते.

जिल्ह्यापुरते काम करणाऱ्यांसाठी एक मर्यादा. जिल्ह्याच्या उत्पन्नाचे अंदाज राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढते, पण ते उत्पादनाच्या बाजूचे असतात. जिल्ह्याचा खाजगी उपभोग म्हणून त्यांचा ६१ टक्के वाटा धरू नका. कोल्हापूरचा साखर, दूध आणि ओतकामाचा बराच माल बाहेर खपतो. त्यापेक्षा २०२२-२३ च्या सर्वेक्षणातला महाराष्ट्राचा आकडा घ्या: ग्रामीण ४,०१० रुपये, शहरी ६,६५७ रुपये दरडोई महिना. तो राज्याचा आहे असे तक्त्याखाली स्पष्ट लिहा, आणि त्याच्या शेजारी गावात स्वतः केलेली पाहणी ठेवायची असेल तर प्रश्नांचे कालावधी सर्वेक्षणाचेच वापरा. पाहणी ऊसबिले जमा झाल्यावर केली की पावसाळ्यात, हेही नोंदवा.