जुना गेम कुठून घ्यावा, नवा कुठून

आधी आपल्या कॉम्प्युटरवर कोणतं विंडोज आहे ते बघा. विंडोज 7 आणि 8 साठी स्टीमने (गेम विकणारं ऑनलाइन दुकान आणि त्याचं ॲप) 1 जानेवारी 2024 पासून सपोर्ट बंद केलाय. सेकंडहँड लॅपटॉपवर तेच असेल तर स्टीमवर पैसे घालू नका. जुने गेम जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात बघा. तिथे इन्स्टॉलरची फाइल उतरवून ठेवता येते, नंतर नेट नसलं तरी चालतं. आवडला नाही तर 30 दिवसांत पैसे परत मागता येतात. फक्त कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू आहेत का, ते बँकेच्या ॲपमध्ये आधी तपासा.

नांदेड-परभणीकडच्या एखाद्या दुकानात कपाटाच्या तळाशी जुन्या डीव्हीडी निघाल्या, तर हुरळून जाऊ नका. 2000 च्या आसपासच्या बऱ्याच डिस्कवर सेफडिस्क नावाचं कॉपी-संरक्षण असतं आणि त्याचा ड्रायव्हर (ते चालवणारा छोटा प्रोग्रॅम) विंडोज 10 चालूच देत नाही. डिस्क अस्सल, ओरखडा नाही, तरी गेम उघडत नाही तो यामुळे. स्टीमची की, म्हणजे गेम खात्यात चढवायचा कोड, लागणारा गेम असेल, तर तो कोड एकदा कुणाच्या खात्यात गेला की संपला. डबा फोडलेला असेल तर शो-पीस म्हणूनच घ्या.

नाव एकच, गेम दोन, असंही होतं. 'नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड' 2005 चा वेगळा आणि 2012 चा वेगळा. स्टीमवर आहे तो 2012 चा. लहानपणीचा समजून घेतला की पस्तावलात, म्हणून साल वाचा.

नव्या गेमला स्टीम बरं. किंमत रुपयांत, यूपीआय चालतं, जून अखेरीस आणि डिसेंबरात मोठे सेल लागतात. एपिक या आणखी एका ऑनलाइन दुकानात दर आठवड्याला एखादा गेम फुकट मिळतो, तो खात्यात टाकून ठेवा. कुठल्याही साइटवर निम्म्याहून स्वस्त की दिसली तर ती भारतात चालते का बघा. चोरीच्या कार्डावर घेतलेली निघाली तर पुढे रद्दही होते. दुकानदार पेन ड्राइव्हमध्ये गेम भरून देतो आणि अँटीव्हायरस बंद करायला सांगतो, तिथून सरळ निघा.

खरी गोची नेटची. स्टीमवर पैसे परत मिळतात ते खरेदीपासून 14 दिवसांत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असाल तरच. 60 जीबीचा गेम रोजच्या 2 जीबी मोबाइल डेटावर उतरायला महिना लागतो, म्हणजे गेम उघडण्याआधीच मुदत संपलेली. म्हणून मित्राकडे तोच गेम स्टीमवर असेल तर त्याच्या स्टीमच्या 'स्टीमॲप्स' फोल्डरमधल्या 'कॉमन' फोल्डरमधून गेमचं अख्खं फोल्डर हार्ड डिस्कवर आणा, आपल्या कॉमनमध्ये टाका, मग गेम विकत घेऊन इन्स्टॉल दाबा. स्टीम आहे त्या फाइल ओळखतं आणि राहिलेलंच उतरवतं. हार्ड डिस्कचा फॉरमॅट एक्सफॅट किंवा एनटीएफएस हवा. फॅट32 वर 4 जीबीची फाइल बसतच नाही, कॉपी मध्येच अडते.