टॉवर हिलवर आधी पाठीमागे बघा

कामशेतच्या टॉवर हिलवर पॅराग्लायडिंगला उभं राहिलं की तोंड पश्चिमेला. दुपारचे खारे वारे समोरून येतात, नजर तिकडेच राहते. एप्रिल-मेमधला वळीव मात्र बहुतेकदा पूर्वेकडून, पाठीमागून भरून येतो. म्हणून विंगची, म्हणजे पॅराग्लायडरच्या कापडी पंखाची, पिशवी उघडण्याआधी मी मागे वळते. फुलकोबीसारखा ढग भराभर उंच चढतोय, बुडाला काळपट झालाय, असं दिसलं की त्या दिवशी उड्डाण नाही, डोक्यावर लख्ख ऊन असलं तरी. त्याच्या पावसातून सुटलेला गार वारा ढगाच्या वीस-पंचवीस किलोमीटर पुढे धावतो. आणि ढग माणसाला वरही ओढतो: 2007 साली ऑस्ट्रेलियात जर्मन पॅराग्लायडर एवा विस्नियर्स्का जवळपास 10 हजार मीटरपर्यंत ओढली गेली. ती वाचली, त्याच वादळात सापडलेला चिनी पायलट वाचला नाही.

एका मे महिन्यात वारा ताशी 14 किलोमीटर होता, अगदी हवा तसा. मित्राने विंग पसरली आणि वारा एकदम पडला. गवताचं पातं हलेना. मग मागून गार झोत आला, ओल्या मातीच्या वासाचा. आम्ही तिघं विंगवर आडवे पडलो म्हणून ती वाचली, आणि तोही. पाच मिनिटं आधी निघाला असता, तर तो तेव्हा हवेत असता. तेव्हापासून, असा अचानक पडलेला वारा मला जोराच्या वाऱ्याहून जास्त घाबरवतो.

वारा पाच मिनिटं तरी मोजा. सरासरी नको, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा बघा. 14 चा मध्येच 26 होत असेल तर थांबा. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, आणि आपली विंग हवेत ताशी 36-38 किलोमीटरनेच जाते. समोरून तीसचा वारा आला तर पुढे सरकणं जवळपास बंद. वर गेल्यावर वारा आणखी वाढतो, हेही धरा. पवना धरणाच्या पाण्यावर पांढरा फेस दिसला तर वारा मोजायचा मीटर काढायचीही गरज नाही.

माझी मर्यादा ताशी 22 किलोमीटर. नवशिक्यांनी आपल्या प्रशिक्षकाला विचारून याहून बरीच खाली ठेवावी. पण आकडा घरी, निघण्याआधी वहीत लिहा. पुण्याहून पेट्रोल जाळून, रजा टाकून डोंगर चढल्यावर मन घासाघीस करतं, ‘तेवीस म्हणजे काय फार नाही’. त्या वेळी मी वही उघडते.

वारा पूर्वेचा असेल तर या डोंगरावर उडायचंच नाही. टेकऑफच्या बाजूला हवा उलटीपालटी फिरते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.